दोष मुलाच्या मेंदूत नाही, व्यवस्थेत आहे

मेंदू तल्लख करण्याचे क्लास आणि मोबाईल अॅप आता आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचले आहेत. रोज खेळ खेळा, स्मरणशक्ती वाढेल, बुद्ध्यांक वाढेल, असे सांगितले जाते. पोटाला चिमटा काढून आईबाप पैसे भरतात. म्हणून या दाव्यांची चिकित्सा करणे आम्हाला गरजेचे वाटते.

बेरीज करताना हातचा लक्षात ठेवावा लागतो. ते काम करते ती ‘वर्किंग मेमरी’. 2008 साली सुझान येगी आणि सहकाऱ्यांनी मांडले की, या स्मृतीचा सराव केला तर बुद्धिमत्ताही वाढते. बाजाराने हे लगेच उचलले. पण 2013 साली थॉमस रेडिक व सहकाऱ्यांनी काटेकोर तुलना केली, तेव्हा बुद्धिमत्तेत वाढ दिसली नाही. त्याच वर्षी मेल्बी-लेर्वाग आणि हल्म यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. सरावाने माणूस त्या खेळात तरबेज होतो. वाचन, गणित, बुद्धिमत्ता यांवर खात्रीलायक परिणाम होत नाही, हाच निष्कर्ष निघाला. ‘ल्युमॉसिटी’ कंपनीला तर फसव्या जाहिरातींबद्दल 2016 साली अमेरिकेत 20 लाख डॉलर भरावे लागले.

आपल्याकडे याच्याही पुढची बनवाबनवी चालते: ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचते म्हणे! नाकाजवळच्या फटीतून मूल खाली पाहते, एवढाच तो चमत्कार. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी तो उघडा पाडला आहे. मध्यमेंदू प्रत्येकाचा जन्मापासून चालूच असतो.

कुणी म्हणेल, यात नुकसान काय? पैसे जातात हे पहिले नुकसान. त्याहून मोठे नुकसान म्हणजे, मूल मागे पडते ते त्याच्या मेंदूत खोट आहे म्हणून, हे आपणच मान्य करतो. जन्मावर गुणवत्ता ठरवणाऱ्या मनूचाच हा नवा अवतार आहे.

खरी खोट कुठे आहे, तेही संशोधनाने दाखवले आहे. तामिळनाडूतील 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांची चाचणी तोडणीपूर्वीच्या तंगीत आणि पैसे हाती आल्यावर, अशी दोनदा घेतली. तंगीत गुण कमी, पैसे आल्यावर जास्त. माणूस तोच, मेंदू तोच! उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर न करता दलित आणि सवर्ण मुले बरोबरीत होती. सर्वांसमोर जात पुकारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. मेरिटच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

म्हणून डोक्यावरचे ओझे उतरवण्याची लढाई लढली पाहिजे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून कित्येक मुले ‘ढ’ ठरतात. त्यांना क्लास नको, चष्मा हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी अंतर्भूत आहे. आपल्या शाळेत ती झाली का, चष्मे मिळाले का, हे जाऊन विचारा. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, वर्गात जातीवरून अपमान होऊ नये, विहारात रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका उघडी असावी, यासाठी संघटित व्हा. 1945 साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती मेंदू दुरुस्त करण्यासाठी नव्हे, बंद दारे उघडण्यासाठी.

क्लासवाल्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडे पुरावा मागा. बुद्धाने हेच शिकवले आहे.

जय भीम!