तेरच्या बाहुलीचे कोडे कोण सोडवणार?

१९९८ साली मॅटेल या अमेरिकन कंपनीने आपल्या जगप्रसिद्ध बाहुलीच्या हाती गुप्तहेराचे भिंग दिले. ‘डिटेक्टिव्ह बार्बी’ या संगणक-खेळात आनंदमेळ्यात जमलेला मदतनिधी नाहीसा होतो, केन बेपत्ता होतो आणि बार्बी धागेदोरे जुळवत अपराध्याचा माग काढते. पुढील दोन वर्षांत या मालिकेचे आणखी दोन भाग आले. खेळणारी मुलगी जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, कोडे मात्र अमेरिकेतील मेळ्याचेच!

यावर ‘सांस्कृतिक आक्रमण’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु नटण्यामुरडण्यात गुंतवलेल्या बाहुलीला या खेळाने विचार करायला लावले, हे मान्य करण्याइतका प्रामाणिकपणा टीकाकारापाशी हवा. शिवाय १९५९ साली अवतरलेली बार्बी तरी मूळची अमेरिकन कुठे? ‘बिल्ड लिली’ या जर्मन बाहुलीवरून ती बेतली गेली. परक्याची बाहुली उचलून अमेरिकेने ती स्वतःची केली. ज्यांच्या घरात स्वतःची बाहुली दोन सहस्रकांपासून आहे, त्यांनी काय केले?

ही बाहुली धाराशिव जिल्ह्यात आहे. तेरणेच्या काठचे तेर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. हेच प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर सांगितले आहे. येथील मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. येथील मातीतून दुहेरी साच्यात घडवलेल्या पोकळ मृण्मूर्ती निघाल्या, हस्तिदंती स्त्रीप्रतिमा निघाली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या अशा ठेव्यावर त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय उभे आहे.

आता खरे रहस्य पाहा. इटलीतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घरात भारतीय हस्तिदंती स्त्रीप्रतिमा सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या प्रतिमा तेरला आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाल्या आहेत. पण पाँपेईच्या प्रतिमेच्या तळाशी आहे खरोष्ठी अक्षर, म्हणजे वायव्येकडील लिपी! मग कारागीर कुठला? दख्खनचा की उत्तरेचा? ती कोणत्या वाटेने, कोणाच्या गलबतातून गेली? विद्वानांचा वाद आजही मिटलेला नाही. प्रेत आहे, पुरावा आहे, साक्षीदार परस्परविरोधी आहेत. गुप्तहेरकथेला आणखी काय लागते?

मुलांना इतिहास रुक्ष वाटतो, असे कारण पुढे केले जाईल. रुक्ष असतो तो सनावळ्यांचा इतिहास. पाठ्यपुस्तकाचे पान पडद्यावर चिकटवून शेवटी बोधवाक्य टाकले म्हणजे खेळ होत नाही, आणि अशा ‘संस्कारक्षम’ खेळांकडे मुले पाठ फिरवतात तेव्हा दोष मुलांचा नसतो. मुलाला उत्तर नको असते, शोध हवा असतो. नळदुर्गच्या पाणीमहालात डोक्यावरून बोरी नदी कोसळत असताना आत कोरडे कसे राहता येते, हा प्रश्न तेथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलाला पडतो. तो पडद्यावर आणण्याची बुद्धी मोठ्यांना का होत नाही?

२०२० साली खेळण्यांवरील आयातशुल्क २० वरून ६० टक्के झाले. २०२१ च्या ‘टॉयकॅथॉन’मध्ये भारतीय संस्कृतीवर आधारित खेळणी व डिजिटल खेळांच्या कल्पना मागवल्या गेल्या. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण शुल्काने दुकानाची फळी राखता येते, मुलाची कल्पना नाही. बंदरात खोकी अडवता येतात, कथा अडवता येत नाही. मॅटेलने भारतीय बाजारासाठी बार्बीला साडी नेसवली, तेव्हा अनेकांना धन्य वाटले. आपल्या बाहुलीला बोलते करण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत.

परक्या बाहुलीला नावे ठेवून आपली बाहुली उभी राहत नाही. तेरची बाहुली काचेआड वाट पाहत आहे. तिच्यापाशी दोन हजार वर्षांचे रहस्य आहे. उणीव आहे ती तिच्या हाती भिंग देणाऱ्याची.