‘आटपाट’चं यश आणि आपल्या शिट्ट्या



ऑगस्ट २०२५ मध्ये ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. ‘नाळ २’ उत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातल्या तीन मुलांना बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. आमच्या देवगाव रंगारीतल्या पोरांचे स्टेटस दोन दिवस त्यानेच भरले होते. पण हा चित्रपट काढला कोणी, हे विचारल्यावर सगळे एकच नाव घेतात, नागराज मंजुळे. ‘आटपाट’ ही निर्मितीसंस्था आहे, हे कुणाच्या ध्यानातच नाही. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

‘फँड्री’च्या वेळी मंजुळे दिग्दर्शक होते, पैसा दुसऱ्यांचा होता. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये झी स्टुडिओजसोबत ‘आटपाट’ही निर्माती होती. शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. गल्ल्यापेक्षा मला पुढची गोष्ट मोठी वाटते. ‘सैराट’चा कॅमेरा सांभाळणारे सुधाकर रेड्डी यक्कंटी २०१८ मध्ये ‘नाळ’चे दिग्दर्शक झाले आणि पदार्पणातच राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आले. ‘घर बंदूक बिर्याणी’ हेमंत अवताडेंनी केला. म्हणजे इथे एका माणसाच्या प्रतिभेवर सगळं थांबलेलं नाही. एकाच्या खांद्यावरून दुसरा वर चढतोय. संस्था म्हणतात ती याला.

काही कार्यकर्ते नाक मुरडतात. ‘नाळ’मध्ये जातीचा प्रश्न कुठे आहे, निळा झेंडा कुठे आहे? अरे, आपल्या माणसाने आई आणि लेकराची गोष्ट सांगायचीच नाही का? आपण फक्त अत्याचारावरच बोलायचं, हे कुणी ठरवलं? आणि ‘झुंड’मध्ये त्याच माणसाने अमिताभ बच्चनला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलंच की.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. ‘सैराट’, ‘नाळ’, ‘नाळ २’, प्रत्येक ठिकाणी शेजारी झीचं नाव आहे. पडदा, जाहिरात, वितरण अजून बड्या कंपन्यांच्या हातात आहे. आणि गोष्ट दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, ते ‘धडक’ने दाखवलं. ‘सैराट’मधली जातीची धार तिथे पार बोथट झाली.

बाबासाहेबांना हे १९२० सालीच कळलं होतं. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. पुढे त्यांनी स्वतःचा छापखानाच उभा केला. नुसता लेख लिहून भागत नाही, यंत्रही आपलं लागतं. कॅसेटच्या काळात भीमगीतं आपण लिहिली, आपण गायली, आपणच विकत घेतली. कंपन्या बहुतेक दुसऱ्यांच्या. आज त्याच गाण्यांचा हक्क यूट्यूबवर कुणाकडे आहे, एकदा बघा.

तमिळमध्ये पा. रंजित यांच्या ‘नीलम’ने २०१८ मध्ये मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमाळ’ आणला. तोही नवा दिग्दर्शक, पहिलाच चित्रपट. मराठीत ‘आटपाट’सारख्या आणखी पाच-दहा संस्था का नाहीत? गावागावात हिरो व्हायला पोरं तयार आहेत. ध्वनिमुद्रण, संकलन, करारनामा वाचणं, हिशेब ठेवणं शिकायला कोण तयार आहे?

यंदाच्या जयंती मंडळाच्या बैठकीत मी डीजेच्या खर्चात कपात सुचवणार आहे. त्या पैशातून दोन चांगले माइक आणि एक संगणक घ्यायचा, गावातल्या म्हाताऱ्या गायकांची गाणी आधी रेकॉर्ड करायची, आणि हक्क त्यांच्याच नावावर ठेवायचे. विरोध होईल. होऊ द्या.