आधी परवाना!

आधीच सांगून टाकतो, मी पिणारा माणूस नव्हे. मी 'बसणारा' माणूस आहे. आपल्याकडे पितो तो दारुडा आणि बसतो तो सद्‌गृहस्थ, हा फरक वाचकांना ठाऊक असेलच. तर गेली बारा वर्षे मी तासगावातल्या एका परमिट रूममध्ये दर शनिवारी संध्याकाळी बसतो. तिचं नाव सांगत नाही; मालकाची अब्रू आणि माझी उधारी, दोन्ही झाकलेल्या बऱ्या.

बारा वर्षांत पाटीवरच्या 'परमिट' या शब्दाकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. त्या शनिवारी मात्र बँकेत दिवसभर केवायसीचे कागद तपासून डोक्यात कागदच भरले होते. दारात उभा राहून मी पाटी वाचली. परमिट म्हणजे परवाना. पण कुणाचा? मालकाचा नव्हे हो, माझा! १९४९ सालचा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून जिवंत आहे. त्याच्या हिशेबाने दारू बंदच. फक्त ज्याला 'प्रकृती टिकवण्यासाठी' ती लागते त्याला परवाना मिळतो. एका दिवसाचा, विदेशी दारूसाठी, पाच रुपयांत. म्हणजे बारा वर्षे मी बिनपरवाना आजारी होतो!

"मामा," मी वेटरला म्हणालो, "आधी परवाना द्या, मग क्वार्टर."

मामांनी फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकलं. "कसला परवाना सायेब? रेशनचा?"

"दारूचा! कायद्याने लागतो!" मी जरा मोठ्यानेच म्हणालो, आणि घात झाला. 'कायदा' आणि 'परवाना' हे दोन शब्द एका वाक्यात ऐकताच एक्साइजची धाड आली असं सगळ्यांनी धरून चाललं. कोपऱ्यातल्या बेदाण्याच्या अडत्याने, म्हणजे आमच्या तात्यांनी, भरला ग्लास प्लॅस्टिकच्या फुलदाणीत ओतला. एक रावसाहेब आत जाऊन कांदा चिरू लागले. मास्तर मागच्या दाराने गेले, ते दुसऱ्याच्या चपला घालून. गडबडीत कुणीतरी मोठी ट्यूब लावली. त्या उजेडात बारा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही एकमेकांची तोंडं नीट पाहिली. बरी नव्हती.

मालक हात जोडत आले. "काय चुकलं आमचं सायेब? गरिबाच्या पोटावर का पाय देताय?"

"काही चुकलं नाही. हे पाच रुपये घ्या आणि परवाना फाडा."

मग पुस्तकाचा शोध सुरू झाला. गल्ल्यात नाही, गणपतीच्या तसबिरीमागे नाही. अखेर मामांनाच आठवलं. फ्रीजचा पुढचा पाय आखूड होता, त्याखाली शासनाची उंची कामाला लावली होती.

पुस्तक उघडलं आणि माझ्यातला कारकून ताठ उभा राहिला. परवाने भरलेले होते! एकट्या गेल्या महिन्यात माझ्या नावाचे अकरा. मी आलो शनिवारीच, म्हणजे चारदा. वय लिहिलं होतं बासष्ट. (मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. हे मला जास्त लागलं.) पुढच्या पानावर आमच्या हिचे मामा, गळ्यात तुळशीची माळ घालणारे, माघारी पाण्याशिवाय काही न पिणारे वारकरी. त्यांच्याही प्रकृतीला नऊ दिवस विदेशीची गरज पडली होती. सगळ्या सह्या एका हातच्या, एका पेनच्या. सहीची शेपूट वळली नाही म्हणून मी गिऱ्हाइकाला परत पाठवतो, आणि इथं अख्ख्या गावाची सही एक माणूस करतो!

"महिन्याअखेरी भरून टाकायचं सायेब, मतदार यादी घेऊन," मालक म्हणाले. "कोण बघतंय?"

इथवर मी हसत होतो. मग ट्यूबच्या उजेडात शेवटच्या टेबलावरचा पोरगा दिसला. पुढ्यात क्वार्टर आणि शेंगदाणे. बेदाण्याच्या शेडवर कामाला जातो, शनिवारी हजेरीचे पैसे घेतो. मी त्याला ओळखत होतो, कारण त्याच्या खात्याचा फॉर्म मी भरला होता. मागच्या दिवाळीत त्याला अठरा पुरी झाली.

"ह्याचा फाडलाय का?"

"फाडलाय की!" मालकांनी पान दाखवलं. वय सव्वीस.

बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस पुरी लागतात. तो वयाचा रकाना ही त्या हास्यास्पद कागदातली एकच शहाणी गोष्ट, आणि आपण ती फ्रीजखाली घातली.

आमचा तालुका बारच्या बाबतीत गाफील आहे असं कुणी म्हणू नये. अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे आमचे आबा, गृहमंत्री असताना २००५ साली राज्यातले डान्स बार बंद झाले. ती बंदी कोर्टात टिकली नाही. २०१३ साली सुप्रीम कोर्टानेही तसंच सांगितलं. पण केवढा वाद झाला! नाचणाऱ्या बाईवर महाराष्ट्राने वर्षानुवर्षे भांडण केलं. शेंगदाण्याची बशी घेऊन बसलेल्या पोरावर कुणी भांडत नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नसतं.

कुणी म्हणेल, धडधाकट माणसाला आजारी ठरवणारा कायदा पाळायचा कसा? मान्य. मग तो बदला. 'प्रकृती' हा शब्द खोडा, पाच रुपयेही सोडा. पण वय विचारा, आणि जो आहे त्याचंच नाव लिहा. मालक म्हणतात, "आम्ही नाही म्हटलं तर पोरगं दुसरीकडं जाणार." अहो, गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेत जाईल म्हणून मी खोट्या सहीचा चेक वटवला तर तुम्ही मला हार घालाल का? आणि मालकाला शिव्या देऊन मीही सुटत नाही. खोटी सही त्यांची, पण बारा वर्षे न विचारता उचललेला ग्लास माझा.

मला पाहून पोरगा उठून उभा राहिला. "सायेब, आईला सांगू नका."

सांगायची गरजच नव्हती. दाराचा पडदा मी बाजूला केला तर पायरीखाली ती उभी होती. दर शनिवारी असते. मला वाटायचं, कुणाच्या तरी नवऱ्याची वाट बघत असेल. पडदा नेमका कुणापासून काय झाकायला लावतात, ते मला तेव्हा समजलं. पोरगा मान खाली घालून तिच्याबरोबर गेला. हजेरीतलं किती उरलं होतं, ते मी विचारलं नाही.

परत टेबलाशी आलो. मोठी ट्यूब बंद झाली होती, तात्या फुलदाणीकडे आशेने बघत होते, आणि पुस्तक अजून माझ्याच हातात होतं. मामा अदबीने जवळ आले.

"झालं का वाचून सायेब? आणा हिकडं. फ्रीज हलायलाय."