भिंतीवरचा चौकोन आणि घरचे पथ्य

अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावातून उपचारासाठी संगमनेर गाठणाऱ्या माणसाच्या वाट्याला डॉक्टर येतात ते पाच-दहा मिनिटे. पथ्य, गोळ्यांच्या वेळा, जखमेची निगा, सारे तेवढ्यात सांगून होते आणि एसटीत बसेपर्यंत निम्मे विसरलेले असते. हातातला कागद बहुधा इंग्रजी!

या विसरण्यावर उतारा म्हणून आता क्यूआर कोड पुढे आला आहे. जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी जन्मलेला हा ठिपक्यांचा चौकोन २०२२ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांत केसपेपरच्या रांगेत येऊ लागला. मग पथ्याची माहिती त्यातून का देऊ नये? जरूर द्यावी. पण छापील पत्रकच मोबाईलवर चढवले तर ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचे? तिथे मराठीत बोलणारी दोन मिनिटांची ध्वनिफीतच हवी. शिवाय मोबाईल मुलाच्या खिशात असतो, आणि मुलगा कामावर.

याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि पुढे गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या शेजारच्याच, त्यांना उलट विचारता येई. चौकोनाला ते येत नाही. इन्सुलिनची सुई कितीदा वापरायची, ही शंका रात्री आठला आली तर? कोडखाली फोन नंबर छापायला खर्च तो कितीसा! तो उचलायला मात्र माणूस ठेवावा लागतो, आणि हात आखडला जातो तो तिथेच.