तीन हंगाम तिलाही द्या

२०२५ चा नोव्हेंबर महिना. इकडे वावरात कापसाची वेचणी जोरात सुरू, मजूर मिळता मिळत नव्हते, आणि तिकडे आमच्या वलगावात पानठेल्यावर पोरं मात्र चेन्नईच्या संघाचं पुढे कसं व्हायचं या काळजीत बुडालेली! त्या वर्षी आयपीएलमध्ये चेन्नईचा संघ दहापैकी दहावा आला होता. मग त्यांनी आपला जुनाजाणता रवींद्र जडेजा आणि सोबत सॅम करन असे दोघं राजस्थानला दिले आणि बदल्यात संजू सॅमसन घेतला. ‘बरं केलं, नवीन पोट्टे आणल्याशिवाय संघ उभा राहत नाही’ असं एकाचं मत, तर ‘घरच्या माणसाले असं काढून देतेत का बे?’ असं दुसऱ्याचं. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, लिलावात कोणावर किती लावायचे, यावर तासन्‌तास वाद. जसं काही पैसे यांच्याच खिशातून जाणार होते!

आपला बायकांचा यावर शेरा ठरलेला असतो, ‘रिकामे धंदे!’ पण मैत्रिणींनो, मला या वादात आपल्या कामाची एक गोष्ट दिसते. हरलेल्या संघाला पुन्हा उभं राहायला वेळ लागतो, हे या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. ‘दोन-तीन वर्षं थांबा, मग बघा’ असं तीच एकमेकांना सांगतात. एवढा धीर परक्या गावच्या, कधी न भेटलेल्या खेळाडूंसाठी! मग तोच धीर आपल्याच घरातल्या मुलीच्या वेळी कुठे जातो?

आधी हा लिलाव असतो कसा, ते थोडक्यात सांगते. मुलींच्या क्रिकेटचंच उदाहरण घेऊ. महिला प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली. पाच संघ. लिलावाला बसताना प्रत्येकाच्या पिशवीत सारखेच पैसे. पहिल्या वर्षी ते १२ कोटी होते, २०२५ च्या मोठ्या लिलावात १५ कोटी. एका संघात जास्तीत जास्त १८ मुली. म्हणजे आपल्या महिन्याच्या खर्चासारखंच झालं. एका वस्तूवर जास्त गेले तर दुसरीकडे हात आखडावा लागतो. पहिल्या लिलावात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनावर बंगळूरुने ३ कोटी ४० लाख लावले, म्हणजे १२ कोटींतला पाव भागाहून जास्त पैसा एकाच मुलीवर! उरलेल्यात बाकीचा संघ बसवायचा. हंगाम संपला की काही खेळाडू राखून ठेवायच्या, काही सोडून द्यायच्या. वाद होतो तो इथेच.

आता या पाचांतल्या गुजरात संघाची गोष्ट ऐका. ४ मार्च २०२३ ला या लीगचा पहिलावहिला सामना झाला. मुंबईच्या मुलींनी २०७ धावा केल्या आणि गुजरातचा संघ ६४ धावांत आटोपला. १४३ धावांनी हार! त्या वर्षी गुजरात पाचपैकी पाचवा. पुढच्या वर्षी, २०२४ ला, परत पाचवा. असं दोनदा झालं की लोक म्हणणारच, सगळ्या बदला, नवीन आणा. पण संघाने तसं केलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या ॲशली गार्डनरला पहिल्या लिलावात ३ कोटी २० लाखांना घेतलं होतं, तिला दोन्ही वर्षांच्या पडझडीनंतरही सोडलं नाही, उलट २०२५ ला तिलाच कर्णधार केलं. नवीनही शोधलं. डिसेंबर २०२४ च्या लिलावात मुंबईच्या धारावीतल्या सिमरन शेख हिच्यावर बोली १० लाखांपासून सुरू झाली आणि १ कोटी ९० लाखांवर थांबली. आणि २०२५ च्या हंगामात हाच तळाचा संघ तिसरा आला. पहिला नाही आला, हेही सांगायला हवं. पण तळातून वर येताना मधली पायरी असतेच ना?

याच संघात आपल्या अमरावतीची भारती फुलमाळी आहे. तिचं नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? विदर्भाकडून खेळता खेळता २०१९ साली ती भारताच्या टी-ट्वेंटी संघात गेली. दोन सामने मिळाले. मग संघातून नाव गेलं ते गेलंच. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, वर्षामागून वर्षं गेली. मुलीच्या वयाची पंचविशी ते तिशी म्हणजे आपल्याकडे घरच्यांना झोप न लागण्याचे दिवस. पण ती खेळत राहिली. २०२४ ला गुजरात तळाला गेल्यावर ज्या खेळाडूंना राखून ठेवलं, त्यांत ती होती. १० मार्च २०२५ ला मुंबईविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा कुटल्या. सामना गुजरातने थोडक्यात गमावला, पण तिचा खेळ लक्षात राहिला. नोव्हेंबर २०२५ च्या लिलावात गुजरातने आधी दोघींनाच राखलं होतं, तरी भारतीवर दुसऱ्याची बोली लागताच आपला हक्क वापरून ७० लाखांना तिला परत घेतलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी भारताच्या टी-ट्वेंटी संघात तिचं नाव पुन्हा आलं. तब्बल सात वर्षांनी!

अमरावतीचीच दिशा कासट २०२३ च्या पहिल्या लिलावात १० लाखांना बंगळूरुच्या संघात गेली होती. म्हणजे आपल्या मातीतल्या मुली तिथवर जातात. प्रश्न आहे तो वाटेत किती जणींना आपणच घरी बोलावून घेतो याचा.

आमच्या भागातलीच एक मुलगी सांगते. आठवीत होती तेव्हा कबड्डीत तालुक्यापर्यंत गेली. घरात कौतुक झालं, पेढे वाटले. नववीत जिल्ह्याच्या सामन्यात तिची शाळा पहिल्याच फेरीत हरली. झालं! घरात निकाल लागला, ‘पुरे झालं आता, दहावी हाये.’ बूट धाकट्या चुलतभावाला गेले. तिचा मोठा भाऊ पोलीस भरतीत तीनदा मागे राहिला आहे. तो चौथ्यांदा तयारी करतो. पहाटे त्याच्यासाठी दूध, अंडी, नवीन बूट, आणि कोणी काही म्हणालं तर आईचं उत्तर तयार, ‘एकाच दमात होते काय कोणाचं?’ अगदी बरोबर आहे. एकाच दमात कोणाचंच होत नाही. त्याला वेळ दिला याबद्दल माझी तक्रार नाही. बहिणीला एक हंगाम आणि भावाला चार, या हिशोबाबद्दल आहे.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचं फुटबॉल खेळतात. तिथे नवीन खेळाडू वाटून घेण्याची एक रीत आहे. कॉलेजातून तयार होऊन आलेल्या मुलांमधून निवड करायची पहिली संधी कोणाला? जो संघ सगळ्यांत तळाला आला, त्याला! ही कल्पना बर्ट बेल नावाच्या मालकाने मांडली. त्याचा फिलाडेल्फियाचा संघ सारखा हरत होता आणि चांगले खेळाडू श्रीमंत, जिंकणाऱ्या संघांकडेच जात होते. १९३६ साली अशी पहिली निवड झाली. गंमत म्हणजे त्यात पहिल्या नंबरावर निवडलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. म्हणजे संधी मिळाली की लगेच फळ मिळेलच असं नाही. तरीही ती रीत आजवर चालू आहे, कारण तिच्यामागे साधा विचार आहे, ज्याचं ताट रिकामं त्याला आधी वाढा. आपल्या पंगतीत हे आपल्याला कळतं. मैदानाच्या बाबतीत कळत नाही. गावातल्या मैदानावर सगळ्यांत रिकामं ताट कोणाचं आहे, ते एखाद्या संध्याकाळी जाऊन पाहा.

बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक मावशी मला म्हणाल्या, ‘बाई, पोरीईचा लिलाव करतेत अन् तू त्याचं कौतुक सांगून रायली?’ मावशींचं बोलणं लागलं, कारण तो शब्द मलाही टोचतो. माणसाला ‘विकलं’, ‘घेतलं’ म्हणणं कानाला बरं वाटत नाही. पण एक फरक बघा. तिथे मुलगी आपलं नाव स्वतः देते. तिचा भाव तिच्या खेळावरून ठरतो आणि पैसा तिच्या हातात जातो. करार संपला की ती मोकळी. आणि आपल्याकडच्या दाखवण्याच्या कार्यक्रमात? तिथेही बोलीच लागते, फक्त ती मुलाची लागते आणि पैसे मुलीच्या बापाने भरायचे असतात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. म्हणून आता ‘हुंडा’ म्हणत नाहीत, ‘तुमच्या हौसेनं काय द्यायचं ते द्या’ म्हणतात. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला आमच्या या वलगावजवळच, पेढी नदीपाशी देह ठेवला. लग्नात कर्ज काढू नका, पण लेकरांना शिकवा, असं ते जन्मभर सांगत फिरले. मुलीच्या लग्नात मंडपावर लाखाने घालणाऱ्या घरात तिच्या बुटांना हजार रुपये निघत नाहीत, याला काय म्हणावं?

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, ताईंनी पोरीला कोटींचं स्वप्न दाखवलं. पाच संघ, प्रत्येकी अठरा, म्हणजे सगळ्या मिळून ९० जागा. त्यात परदेशी मुलीही आल्या. खेळणाऱ्या मुली देशभरात हजारोंनी. लिलावात कोणीच बोली न लावल्यामुळे घरी परतणाऱ्या मुली दरवर्षी असतात. आणि क्रिकेट सोडून दुसरा खेळ असेल तर वाट आणखी अरुंद. कबड्डीचंच पाहा. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डी खेळून दाखवली होती. २०१४ ला पुरुषांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्यात पुणेरी पलटण या संघाला पहिलं विजेतेपद मिळालं ते दहाव्या हंगामात, मार्च २०२४ ला. आणि मुलींचं? २०१६ मध्ये त्याच लीगने मुलींचे तीन संघ करून एकदा सामने भरवले. पुढच्या वर्षी काही नाही. इकडे आपल्या मुलींनी २०१२ ला पाटण्यात विश्वचषक जिंकला, नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात परत जिंकला! पुरुषांच्या एका संघाला दहा हंगाम वाट पाहायला मिळाली आणि बायकांच्या पूर्ण खेळाला एकच हंगाम. आपल्या घरातला हिशोब आणि मोठ्या लोकांचा हिशोब सारखाच निघाला की नाही?

तेव्हा लिलावासाठी मुलीला मैदानावर पाठवू नका. तिला अंगात ताकद यावी, चारचौघांत हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहता यावं, यासाठी पाठवा. पुढे नाव झालं तर आनंदच आहे. नाही झालं तरी भरतीला, नोकरीला, संसाराला ही कमाई उपयोगी पडते. पण त्यासाठी तिला वेळ मिळायला हवा. माझं म्हणणं एवढंच, निदान तीन हंगाम द्या. पहिल्या वर्षी ती शिकेल, दुसऱ्या वर्षी हरेल, तिसऱ्या वर्षी कुठे कळेल की तिच्यात काय आहे.

आणि हे नुसत्या बोलण्याने होणार नाही. सरावाहून परतताना अंधार पडतो, ही आईची खरी भीती आहे, तिला हसू नका. चार-पाच मुलींच्या आयांनी पाळी लावून घ्यावी, आज एकीने मैदानावर बसावं, उद्या दुसरीने. मैदानावर दिवा नाही, मुलींसाठी संडास नाही, हे ग्रामसभेच्या आधी जी महिला ग्रामसभा होते तिथे उठून सांगावं आणि ठरावात लिहून घ्यावं. बचत गटातून शिलाई मशीनला, शेळीला कर्ज देतो, तसं एका मुलीच्या बुटांना आणि प्रवासाला दिलं तर गट बुडत नाही. आणि खेळावर घरात वाद चालला असेल तर भाजी निवडता निवडता आपणही त्यात बोलावं. कोणती खेळाडू ठेवायची, कोणाला संधी द्यायची, हे ठरवायची अक्कल घर चालवणाऱ्या बाईइतकी दुसऱ्या कोणाला असणार?

येत्या जूनमध्ये शाळा उघडली की मुलीचं नाव मैदानावर घाला. आणि त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना, सासूबाईंपासून दिरापर्यंत, सांगून टाका, ‘पोरगी हरून आली तरी तीन वर्षं कोणी हा विषय काढायचा नाही.’