आपली पिशवी आपण शिवावी

‘दफ्तर’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे कचेरी उभी राहते. मराठीत मात्र ‘दप्तर’ म्हणजे मुलांची पुस्तके ठेवण्याची पिशवी. ‘शबनम’ म्हणजे दव, हे तुम्हांला सांगायला नको. पण मराठी माणूस खांद्याला लावायच्या कापडी पिशवीलाही ‘शबनम’ म्हणतो. पिशवीच्या आतल्या कापडाला मराठीत ‘अस्तर’ म्हणतात आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात त्याला ‘अंगुस्तान’. हे शब्द तर आपल्या घरचेच आहेत! शब्द आपल्या ओळखीचे आहेत, पण ती कला आपल्या हातात आहे का?

माझे मत असे आहे, की सहावी ते आठवीच्या काळात प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने निदान एक पिशवी स्वतः आखून, स्वतः शिवून तयार करावी. ती पिशवी शहरातही चालावी आणि डोंगरावर किंवा किल्ल्यावरही चालावी. तुम्ही विचाराल, “सर, दोन्हीकडे कशाला?” कारण सरळ आहे. एकाच कामाची पिशवी नमुना पाहून कोणीही शिवतो. दोन कामांची पिशवी शिवायची तर आधी डोके चालवावे लागते.

शहरात पिशवी वारंवार उघडावी लागते. कधी भाजी, कधी वह्या, कधी बसचे सुटे पैसे. मुंबईच्या लोकलमध्ये पाठीवरची पिशवी मागच्या माणसाला लागते, म्हणून ती पुढे घ्यावी लागते. अशा ठिकाणी एका खांद्यावर लटकणारी पिशवी सोयीची असते.

किल्ल्यावरची गोष्ट वेगळी आहे. दौलताबादचा किल्ला चढताना ‘अंधारी’ नावाचा काळोखा भुयारी मार्ग लागतो. एका हातात विजेरी धरावी, तर दुसऱ्या हाताने भिंत चाचपावी लागते. तेथे एका खांद्यावरची पिशवी सारखी घसरते आणि चालणाऱ्याचा तोल जातो. तेथे ओझे दोन्ही खांद्यांवर सारखे वाटलेले हवे आणि पाठीला चिकटलेले हवे. जड वस्तू पाठीपासून जितकी दूर, तितकी ती आपल्याला मागे ओढते. म्हणून पाण्याची भरलेली बाटली पाठीजवळ ठेवावी आणि हलका टॉवेल बाहेरच्या बाजूला.

मग एकाच पिशवीत या दोन्ही सोयी कशा आणायच्या? उपाय सोपा आहे. पिशवीच्या मागच्या बाजूला, वर मध्यभागी, दोन कड्या जवळजवळ बसवाव्यात. एक लांब पट्टा दोन्ही कड्यांतून ओवावा आणि त्याची टोके खालच्या दोन कोपऱ्यांत पक्की शिवावीत. कड्यांमधला पट्टा वर ओढला, की एका खांद्यावर घेण्याचा मोठा बंद तयार होतो. तोच पट्टा खाली ओढला, की पाठीवर घेण्याचे दोन पट्टे मिळतात. पट्टा साधारण ५ सेंटिमीटर रुंद ठेवावा. अरुंद दोरी खांद्याला काचते, कारण तेच वजन थोड्या जागेवर पडते. विज्ञानाच्या पुस्तकातला दाबाचा धडा येथे खांद्यावर शिकायला मिळतो!

कापड जाड सुती कॅनव्हासचे घ्यावे. ते कापण्यापूर्वी एकदा धुऊन वाळवावे. नवे सुती कापड धुतल्यावर आटते. शिवल्यानंतर ते आटले, तर पिशवी वेडीवाकडी होते. वही दुमडू नये म्हणून पिशवी ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असली तर बरे. आधी जुन्या वर्तमानपत्रावर आकार आखून पाहावा. कागद चुकला तर दुसरा घेता येतो, कापड चुकले तर पैसे जातात.

पिशवी बहुधा मध्ये फाटत नाही, पट्टा जोडला असेल तेथे उसवते. म्हणून त्या जागी आतून कापडाचा दुसरा तुकडा लावावा. चारी बाजूंनी चौकोनी टीप घालावी आणि चौकोनात फुली मारावी. मशीन नसेल तर जाड सुई आणि मजबूत दोरा घेऊन हातानेही शिवता येते. आपण ज्याला बखिया म्हणतो, ती उलटी टीप चांगली पक्की बसते.

तोंडाला चेन लावायची की बटण? माझे मत बटणाच्या बाजूने आहे. चेनमध्ये धूळ आणि वाळू गेली की ती अडकते, आणि बिघडलेली चेन बदलणे सगळ्यांना जमत नाही. बटण तुटले तर पाच मिनिटांत नवे लावता येते. वरचे झाकण मात्र वीतभर लांब ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही. अर्थात कॅनव्हासचेही दोष आहेत. भिजल्यावर ते जड होते आणि लवकर वाळत नाही. मुसळधार पावसात नायलॉनची पिशवी अधिक चांगली, हे मान्य केले पाहिजे. म्हणून पावसाळ्यात वह्या मेणकापडात गुंडाळून मग पिशवीत ठेवाव्यात.

शिवून झाल्यावर रिकामी पिशवी तराजूवर ठेवावी. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात असे सांगितले आहे, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. मुलाचे वजन ३० किलो असेल, तर दप्तर ३ किलोचे. रिकामी पिशवीच १ किलोची असेल, तर पुस्तकांसाठी उरले फक्त २ किलो! म्हणून उगाच दहा खिसे लावू नयेत. आत एक, बाहेर एक पुरे.

काही पालक म्हणतात, “बाजारात स्वस्तात बॅग मिळते, मग एवढी मेहनत कशाला?” मिळते, हे खरे. पण ती फाटली की आपण ती फेकतो, कारण ती कशी जोडली आहे हे आपल्याला ठाऊक नसते. ज्याने पिशवी शिवली, तो ती दुरुस्तही करतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरी आपण हात हलवीत बाजारात जातो आणि दुकानदाराकडे पिशवी मागतो. घरात स्वतः शिवलेली चांगली पिशवी असेल, तर ही सवय सुटेल.

काही जण म्हणतात, “शिवणकाम मुलींचे.” मग आपल्या मोहल्ल्यातले दर्जी कोण आहेत? ईदचे कपडे आपण कोणाकडे शिवायला टाकतो? मुंबईत धारावी आणि मदनपुरा येथे कितीतरी पुरुष कारागीर बॅगा शिवून पोट भरतात. मालेगाव आणि भिवंडीत यंत्रमागांवर कापड विणले जाते. या कारागिरांची मुले आपल्याच वर्गांत बसतात. वडील काय करतात, असे विचारले की त्यांतली काही मुले मान खाली घालतात. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते. ज्या हातांनी सगळ्यांच्या पाठीवरचे दप्तर शिवले, त्या हातांची लाज का वाटावी? ही लाज मुलांनी घरातून आणलेली नाही. हाताच्या कामाला शाळेत कमी लेखले जाते, तेथून ती येते.

हे दुखणे जुने आहे आणि त्यावरचा उपायही जुना आहे. १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे, या विचाराची योजना तयार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. तेच पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. मोठा विद्वान माणूस सूतकताई आणि विणकाम यांना शिक्षणाचा पाया मानत होता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवसांची कल्पना मांडली आहे. या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे, असे त्यात म्हटले आहे. मला वाटते, दप्तर नसलेल्या या दिवसांत दप्तर शिवायला शिकण्यासारखे दुसरे चांगले काम नाही. मोहल्ल्यातल्या दर्ज्याला शाळेत बोलवावे. त्याला शिक्षकाच्या खुर्चीवर बसवावे आणि शिक्षकांनीही त्याच्यासमोर मुलांबरोबर सुई हातात घ्यावी. ज्याचे वडील बॅगा शिवतात, तो मुलगा त्या दिवशी वर्गात सर्वांत हुशार ठरेल.

मित्रांनो, तुमची पहिली पिशवी सुंदर होणार नाही. टीप थोडी वाकडी जाईल, एक कोपरा वर, एक खाली होईल. होऊ द्या. ती घेऊन सोमवारी शाळेत जा, शुक्रवारी अम्मीबरोबर बाजारात जा आणि सुट्टीत किल्ला चढा. कोठे काचते, कोठे उसवते, हे पाहा आणि पुढची पिशवी त्याहून चांगली शिवा.