दर कोण ठरवणार?

वाशीच्या धान्यबाजारात मी मेहताजी होतो. माथाडी मंडळाचा चेक लिहिणं माझ्याकडे. मजुरी वेगळी, वर लेव्ही वेगळी. तिच्यातून हमालांचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. शेठ कुरकुरायचे, "गोणी उचलल्याचे पैसे दिले, आता त्याच्या म्हातारपणाचेही मीच द्यायचे का?" पण सही करायचे. नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी परस्पर त्याच्या हातात ठेवायची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही.

अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये हा माथाडी कायदा आला. त्यातली अक्कल मला आजही थोर वाटते. टोळी सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मग मालक कोण? प्रत्येक शेठ हात वर करणार. कायद्याने सगळ्यांनाच मालक धरलं आणि हिशेब मंडळाकडे दिला. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, जोडीला सरकारी माणसं. वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या, दरावरून व्यापाऱ्यांची असोसिएशन आणि हमालांची युनियन यांची जुंपायची, आवाज चढायचे, शेवटी आकडा ठरायचा. त्या आकड्यापायी कुणा शेठचं दिवाळं निघालेलं मी तरी पाहिलं नाही.

आता माझ्या दारात जेवणाचा डबा घेऊन येणाऱ्या पोराचा प्रश्न तोच आहे. तो सकाळी एका ॲपचा, रात्री दुसऱ्याचा. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के या कामगारांसाठीच्या निधीत भरायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या वर नाही. काहीच नव्हतं, त्यापेक्षा बरं. पण संहितेतलं मंडळ फक्त योजना सुचवणार. एका फेरीचे किती मिळणार, हे त्याच्या कक्षेत नाही. तो आकडा फोनवर येतो, फोनवरच उतरतो, आणि भांडायला समोर माणूसच नसतो. विम्याचं कार्ड देऊन हे भरून येत नाही.

माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे आहेत, हे खरं. एमआयडीसीतले कारखानदार उगाच ओरडत नाहीत. खंडणीखोरांवर गुन्हे नोंदवा. त्यासाठी कायदाच पातळ करायची गरज नाही. मला जास्त खुपते ती दुसरीच गोष्ट: मंडळावरचे प्रतिनिधी सरकार नेमतं. नेमणूक रखडली की कारभार एकट्या अधिकाऱ्याच्या हाती जातो, ही हमाल संघटनांची जुनी तक्रार आहे.

म्हणून राज्याने डिलिव्हरीवाल्यांसाठी माथाडीसारखं मंडळ करावं. लेव्ही प्रत्येक ऑर्डरवर घ्यावी, दर मंडळात ठरावा. आणि कामगारांचे प्रतिनिधी मंत्रालयातून न येता त्यांच्या मतांनी निवडून यावेत. मतदारयादीची अडचण कुणी सांगू नये. कुठला पोरगा कुठल्या सिग्नलला थांबलाय, हेसुद्धा कंपन्यांना ठाऊक असतं.